बारा तुकड्यांचा शब्द एका दमात: लांबलचक वैद्यकीय शब्द फोडायचा आणि म्हणायचा कसा

मराठी माध्यमातून बारावी करून जीएनएमला किंवा बीएस्सी नर्सिंगला आलेल्या, लॅब टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या किंवा हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर नव्याने बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मीही मराठी माध्यमातूनच आले आणि आता वॉर्डात नव्या सिस्टर मुलींना शिकवते. पहिल्या वर्षाला त्यांची पंचाईत नेहमी एकाच जागी होते. विषय समजलेला असतो, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला बसलं की शब्द तोंडातून निघत नाही. मग मान खाली घालून पुटपुटणं सुरू होतं आणि समोरच्या मॅडमना वाटतं, हिला काही येत नाही.

क्लासमध्ये मेडिकल टर्मिनॉलॉजी शिकवतात तेव्हा मूळ, उपसर्ग, प्रत्यय असे तुकडे पाडून दाखवतात. ते बरोबरच आहे, पण त्याने शब्दाचा अर्थ कळतो, उच्चार येत नाही. लांब शब्द दोनदा फोडावा लागतो, एकदा अर्थासाठी आणि एकदा उच्चारासाठी. दोन्ही वेळा काप वेगवेगळ्या जागी पडतात. हे कुणी स्पष्ट सांगत नाही आणि सगळा घोटाळा इथेच होतो.

नमुन्याला आपण एकच शब्द शेवटपर्यंत नेऊ: इसॉफॅगोगॅस्ट्रोड्युओडिनॉस्कोपी. तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासतात ती तपासणी. आपल्याकडे ओपीडीत तिला 'ओजीडी स्कोपी' म्हणतात आणि बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. पण डिस्चार्ज कार्डावर, संमतीपत्रावर आणि परीक्षेत अख्खा शब्द येतो.

काय काय जवळ ठेवायचं

- एक वही आणि पेन्सिल. पेनाने फोड केली की खाडाखोड होते आणि नंतर वाचता येत नाही.
- शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग, छापील. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातलं नको.
- फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर.
- उच्चार ऐकवणारी डिक्शनरी. केंब्रिजच्या साइटवर ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारांची वेगळी बटणं असतात. वैद्यकीय शब्द मेरियम-वेबस्टरवर जास्त सापडतात.
- ऐकणारं एक माणूस. रूममेट चालेल, तिला अर्थ कळला नाही तरी हरकत नाही.

१. स्पेलिंग पूर्ण उतरवून घ्या

देवनागरीत ऐकीव लिहिलेला शब्द फोडायला घेऊ नका. 'इसोफेगो' लिहिलंय की 'ऑसोफॅगो', यावर वाद घालण्यापेक्षा इंग्रजी अक्षरं बघा. आपल्या शब्दाची सुरुवात दोन प्रकारे सापडेल. ब्रिटिश पद्धतीत ओ-ई-एस-ओ, अमेरिकन पद्धतीत नुसतं ई-एस-ओ. त्यातला पहिला ओ मुका आहे, दोन्हीकडे उच्चार 'इसॉ' असाच सुरू होतो. आपण 'ओजीडी' म्हणतो ते ब्रिटिश स्पेलिंगच्या ओवरून. अमेरिकेतून आलेल्या रिपोर्टवर हीच तपासणी 'ईजीडी' म्हणून दिसेल. तपासणी दुसरी नाही.

ही ओ-ई आणि ए-ई ची जोडी फार ठिकाणी भेटते: इडीमा (अंगावरची सूज), ॲनिमिया, हेमरेज. आपल्या हॉस्पिटलांत दोन्ही स्पेलिंगं बिनदिक्कत चालतात, कधी कधी एकाच फाइलमध्ये. डिक्शनरीत 'ओ'खाली शब्द मिळाला नाही तर 'ई'खाली बघा.

२. अर्थासाठी फोड: आधी शेपूट बघा

वैद्यकीय शब्द मागून वाचायला घ्यायचा. शेवटचा तुकडा सांगतो की हे नक्की आहे काय: आजार, ऑपरेशन, तपासणी की शास्त्र. मग सुरुवातीला जायचं आणि तिथून पुढे सरकायचं.

आपल्या शब्दाचं शेपूट आहे 'स्कोपी', म्हणजे आत डोकावून बघणं. म्हणजे ही तपासणी झाली. कशाची? सुरुवातीपासून वाचा:

- इसॉफॅगो: अन्ननलिका
- गॅस्ट्रो: जठर
- ड्युओडिनो: लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडिनम

दुर्बीण घशातून ज्या क्रमाने खाली उतरते, त्याच क्रमाने शब्द लिहिलाय. अन्ननलिका, मग जठर, मग ड्युओडिनम. शब्दाचा क्रम चुकला तर तपासणी डोळ्यांसमोर आणा, क्रम आपोआप लागतो. पुष्कळ लांब शब्द असेच शरीरातल्या वाटेने चालतात. लॅरिंगोट्रेकिओब्राँकायटिस हा लहान मुलांना होणाऱ्या क्रूपचा शब्द घ्या: स्वरयंत्र, श्वासनलिका, तिच्या फांद्या. वरून खाली.

नेहमीची शेपटं पाठच हवीत:

- आयटिस: दाह (अर्थ्रायटिस)
- ओसिस: विकार, स्थिती (थ्रॉम्बोसिस)
- ओमा: गाठ (लायपोमा)
- एक्टमी: कापून काढून टाकणं (अपेन्डेक्टमी)
- टमी: कापून उघडणं, छेद घेणं
- स्टमी: बाहेर तोंड काढून ठेवणं (कोलॉस्टमी)
- प्लास्टी: दुरुस्ती, नव्याने घडवणं
- ग्राफी: चित्र घेणं, ग्रॅम: घेतलेलं चित्र
- ईमिया: रक्तासंबंधी, यूरिया: लघवीसंबंधी

मधली तीन पुन्हा बघा. गॅस्ट्रॉटमी म्हणजे जठराला छेद घेतला. गॅस्ट्रॉस्टमी म्हणजे जठराला बाहेरून तोंड केलं, उदाहरणार्थ नळीने अन्न देण्यासाठी. गॅस्ट्रेक्टमी म्हणजे जठर काढलं, पूर्ण किंवा काही भाग. कानाला तिन्ही जवळपास सारखे लागतात, पण पेशंटच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी झालेल्या असतात.

३. मधला 'ओ' ओळखा

तुकड्यांना जोडणारा 'ओ' हा फक्त सांधा आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही. पुढचं शेपूट व्यंजनाने सुरू होत असेल तर तो राहतो: गॅस्ट्र, ओ, स्कोपी. शेपूट स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो: गॅस्ट्र आणि आयटिस मिळून गॅस्ट्रायटिस, 'गॅस्ट्रोआयटिस' नाही. पण दोन अवयवांची नावं एकमेकांना जोडताना दुसरं स्वराने सुरू झालं तरी 'ओ' टिकतो, म्हणून गॅस्ट्रोएन्टरायटिस. जोड नेहमी 'ओ'चीच असते असंही नाही. कोलेसिस्टेक्टमीत 'कोले' म्हणजे पित्त, त्यात 'ए'चा स्वर मधे आहे.

व्याकरण इतकंच. यावर फार वेळ घालवू नका.

४. आता अर्थ बाजूला ठेवा आणि स्वर मोजा

इथून उच्चाराची फोड सुरू होते. सिलॅबल म्हणजे एका स्वरावर उभा राहिलेला उच्चाराचा तुकडा. जितके स्वर ऐकू येतात तितके सिलॅबल. शाळेत वृत्त ओळखताना आपण अक्षरं मोजायचो, जोडाक्षर एकच धरायचो. तसंच हे, फरक एवढाच की शेवटचं 'म'सारखं पाय मोडून बोललं जाणारं अक्षर इथे वेगळं मोजायचं नाही. 'ग्रॅम' लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एक सिलॅबल. कार्डिओग्रॅम म्हणजे कार्-डि-ओ-ग्रॅम्, चार.

मराठीत लिहिण्याचा इथे मोठा फायदा आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ए' कुठे ॲ, कुठे एऽ, कुठे नुसता अ हे कळत नाही. देवनागरीत ॲ आणि ऑ साठी वेगळी चिन्हं आहेत आणि इंग्रजीतला तो पुसट स्वर आपल्या साध्या 'अ'ने जवळपास भागतो. म्हणून उच्चाराची फोड देवनागरीतच लिहा.

आपला शब्द:

इ – सॉ – फ – गो – गॅ – स्ट्रो – ड्यु – ओ – डि – नॉस् – क – पी

बारा झाले. बोटावर मोजून बघा.

आता वरची अर्थाची फोड आणि ही फोड शेजारी ठेवा. अर्थाच्या फोडीत शेवटचा काप 'ड्युओडिनो' आणि 'स्कोपी'च्या मधे पडला होता. उच्चारात तिथे काप नाहीच. 'स्कोपी'मधला 'स' मागे सरकून 'नॉस्'ला चिकटलाय. जो मुलगा 'ड्युओडिनो' म्हणून थांबतो आणि मग 'स्कोपी' म्हणतो, त्याचा उच्चार तुटक येतो तो यामुळेच. नेफ्रॉलॉजीतही हेच: अर्थ 'नेफ्र' अधिक 'लॉजी', उच्चार ने-फ्रॉ-ल-जी. हेलिकॉप्टर हा शब्दही मुळात 'हेलिको' आणि 'प्टर' असा जोडलेला आहे, पण तसा तोडून कुणी बोलत नाही.

फोड लिहिताना एक पथ्य पाळा. छापील डिक्शनरीत किंवा साइटवर ठळक शब्दात जे ठिपके असतात, ते उच्चाराचे काप समजू नका. मेरियम-वेबस्टरवर इसॉफॅगस काढून बघा. पहिली पाच अक्षरं एकत्र, मग ठिपका, मग ए, मग ठिपका, मग जी-यू-एस. म्हणजे तीन तुकडे दिसतात, पण उच्चारात सिलॅबल चार आहेत: इ-सॉ-फ-गस्. ते ठिपके ओळ संपल्यावर शब्द कुठे तोडायचा ते सांगतात. ओळीच्या शेवटी एकटं अक्षर सोडायचं नसतं म्हणून पहिल्या 'ई'नंतर ठिपका नाही. उच्चार खालच्या ओळीत वेगळा दिलेला असतो, तो वाचा.

५. जोर कुठे द्यायचा

आपण मराठी बोलताना सगळ्या अक्षरांवर साधारण सारखा जोर देतो. इंग्रजीत एका सिलॅबलवर ठळक जोर येतो आणि बाकीची दबतात. बारा सिलॅबल सारख्या जोराने म्हटली तर ऐकणारा मधेच हरवतो. मी म्हणेन, एखादा स्वर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण जोर जागेवर हवा.

यात वैद्यकीय शब्द आश्चर्य वाटावं इतके शिस्तीचे आहेत.

शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर जोर: लॉजी, स्कोपी, ग्राफी, टमी, स्टमी, एक्टमी, पथी, मेट्री, मेगली, थेरपी, ईमिया, यूरिया ही शेपटं असतील तेव्हा. कार्-डि-ऑ-ल-जी. अ-पेन्-डेक्-ट-मी. को-लॉस्-ट-मी. न्यु-रॉ-प-थी. हे-प-टो-मे-ग-ली. अ-नी-मि-अ.

शेवटून दुसऱ्यावर जोर: आयटिस, ओसिस, ओमा. आर्-थ्राय-टिस्. थ्रॉम्-बो-सिस्. कार्-सि-नो-म.

आपल्या शब्दाला 'स्कोपी'चं शेपूट आहे, म्हणून जोर शेवटून तिसऱ्यावर, 'नॉस्'वर. सुरुवातीच्या 'सॉ' आणि 'गॅ'वर थोडासा, पण खरा दणका 'नॉस्'चा.

जोर पडला की 'ओ'चा 'ऑ' होतो, हेही इथेच लक्षात येईल. एकटं असताना 'गॅस्ट्रो', 'कार्डिओ', 'कोलो'. शेपटाच्या जोराखाली आलं की गॅस्ट्रॉस्कपी, कार्डिऑलजी, कोलॉस्टमी. जोडस्वर म्हणून ज्याला किंमत नव्हती तो 'ओ'च उच्चारात सगळ्यात मोठा होतो.

प्लास्टी आणि ग्रॅम या शिस्तीत बसत नाहीत. त्यांत जोर पुढे, सुरुवातीला जातो: अँजिओप्लास्टी, रायनोप्लास्टी, कार्डिओग्रॅम.

वहीत जोराच्या सिलॅबलखाली पेन्सिलने रेघ ओढा. डिक्शनरीत जोराची खूण म्हणजे एक छोटी उभी रेघ, वरच्या अंगाला. केंब्रिज आणि मेरियम-वेबस्टरमध्ये ती जोराच्या सिलॅबलच्या आधी येते. काही छापील वैद्यकीय कोशांत मात्र सिलॅबलच्या नंतर येते. कोश हातात घेतलात की सुरुवातीची सूचनांची पानं एकदा वाचून घ्या, नाहीतर सगळे जोर एक घर सरकतात.

६. फसवी अक्षरं

इथे जरा रेंगाळू, कारण व्हायवातले मार्क इथेच जातात.

सुरुवातीचा मुका पी: पी-एन म्हणजे न (न्युमोनिया), पी-एस म्हणजे स (सोरायसिस), पी-टी म्हणजे ट (टोसिस, टेरिजियम). इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हाच पी शब्दाच्या मध्ये आला की बहुतेक वेळा बोलतो. डिस्प्निया, ॲप्निया, हिमॉप्टिसिस, प्रॉप्टोसिस. डिस्प्नियाला 'डिसनिया' म्हणू नका. आणि पुन्हा ब्राँकोन्युमोनियात पी मुकाच राहतो, कारण तिथे 'न्युमोनिया' हा आख्खा ओळखीचा शब्द जसाच्या तसा जोडलाय.

सी आणि जी: पुढे ई, आय किंवा वाय असेल तर स आणि ज. पुढे ए, ओ, यू असेल तर क आणि ग. फॅरिन्जायटिसमध्ये ज, पण त्याच घशाच्या फॅरिंगॉस्कपीत ग. ए-ई आणि ओ-ई या जोड्या ई सारख्या धरा, म्हणून सीकम, 'कीकम' नाही. दोन सी आले आणि पुढे वाय असेल तर क्स: कॉक्सिक्स, माकडहाड.

सी-एच म्हणजे क: कोलेस्टेरॉल, ट्रेकिआ, ब्राँकायटिस. 'चोले' वाचलंत तर वर्गात आठवडाभर छोले-भटुरे ऐकावे लागतील.

सुरुवातीचा एक्स म्हणजे झ. झेरोस्टोमिया, तोंडाला कोरड. त्यातलं 'झेरो' म्हणजे कोरडं, आणि कॉलेजबाहेरच्या दुकानातलं 'झेरॉक्स'ही त्याच मुळातून आलंय. शाई न भिजवता कोरडी छपाई. स्पेलिंग तिथे रोज दिसतं, तेच आठवा.

आर-एच म्हणजे नुसता र. मराठीत आपल्याकडे 'ऱ्हास'मधला ऱ्ह असल्यामुळे डोळ्याला आर-एच दिसला की जीभ तिकडे वळते. 'लिव्हर सिऱ्हॉसिस' असं छापलेलंही मी पाहिलंय. उच्चार सि-रो-सिस्. तसंच रायनायटिस, डायरिआ.

पी-एच-टी-एच एकापाठोपाठ: ऑफ्थॅल्मॉलॉजी, डिफ्थेरिया. फ आणि थ दोन्ही म्हणायचे. 'ऑप्थॅल्मॉलॉजी' आणि 'डिप्थेरिया'ही सर्रास ऐकू येतं, त्यावरून कुणी अडवत नाही, पण स्पेलिंग लिहिताना पहिला एच गळतो आणि तिथे मार्क जातो.

आणि एक सोंग: असायटीस, पोटात पाणी होणं. ऐकायला 'आयटिस'च्या कुळातला वाटतो, पण स्पेलिंगच्या शेवटी आय-टी-ई-एस आहे आणि उच्चार 'टीझ'कडे झुकतो, डायबिटीससारखा. त्या शब्दात दाहाचा अर्थ नाही.

७. शेवटाकडून बांधत या

सुरुवातीपासून म्हणत गेलात की मधे दम तुटतो आणि शेवटचा, जोराचा भाग कधीच नीट तयार होत नाही. उलटं करा. शेवटाकडून एकेक तुकडा लावत मागे या:

पी
कपी
नॉस्कपी
डिनॉस्कपी
ड्युओडिनॉस्कपी
गॅस्ट्रोड्युओडिनॉस्कपी
इसॉफगोगॅस्ट्रोड्युओडिनॉस्कपी

असं केलं की प्रत्येक वेळी तुम्ही अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जाता. पुढे पुढे सोपं होत जातं आणि वेगही आपोआप येतो. एका पायरीवर अडखळलात तर तिथेच पुन्हा, पुढे जायचं नाही. साधारण जेवणाच्या सुट्टीत एक शब्द होतो.

मग रेकॉर्ड करा, डिक्शनरीतला उच्चार लावा, पाठोपाठ आपला लावा. ऐकताना एकच प्रश्न विचारा, जोर त्याच जागी आहे का. बाकीचं नंतर.

डिक्शनरीत दोन उच्चार दिले असतील तर घाबरू नका. ड्युओडिनममध्ये कुणी 'डी'वर जोर देतात, कुणी 'ऑ'वर. मेंदूच्या दाहाला कुणी एन्सेफलायटिस म्हणतात, कुणी एन्केफलायटिस. तुमचे सर जो म्हणतात तो धरा. परीक्षेत दोन्ही चालतात, पण एकाच उत्तरात दोन्ही आलं तर परीक्षक हमखास खोदून विचारतो.

८. फोनवर आणि ड्यूटी बदलताना (हँडओव्हरला)

उच्चार चांगला असूनही गोंधळ होणारे काही शब्द आहेत. तिथे उच्चारावर विसंबूच नका.

- हायपो आणि हायपर. एक कमी, एक जास्त. फोनवर शेवटचा र ऐकू जात नाही. 'हायपोग्लायसेमिया, शुगर कमी झालीय, अमुक आकडा' असं तिन्ही बोला.
- डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. आपल्या बोलण्यात ज आणि झ इतके जवळ येतात की फरक राहत नाही. पहिलं गिळायला त्रास, दुसरं बोलायला. मराठी अर्थ जोडूनच सांगा.
- इलिअम आणि इलिअम. एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं कमरेचं हाड. उच्चार सारखाच, स्पेलिंगमध्ये ई आणि आयचा फरक. अवयव सांगितल्याशिवाय शब्द वापरू नका.
- युरीटर आणि युरीथ्रा. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी आणि मूत्राशयापासून बाहेरची.

ऐकून लिहून घेतलेलं समोरच्याला परत वाचून दाखवा. डॉक्टर घाईत असले तरी दाखवा. अवघड शब्दाचं स्पेलिंग विचारण्यात कमीपणा नाही. आमच्या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर अजूनही विचारतात आणि त्यांच्या रजिस्टरला कुणी बोट लावत नाही.

पेशंटकडून माहिती घेताना उलटा घोळ असतो. 'माझी पिशवी काढलीय' असं बाई सांगतात. बहुतेक वेळा त्यांना गर्भाशय म्हणायचं असतं, म्हणजे हिस्टरेक्टमी. पण पित्ताशयालाही 'पित्ताची पिशवी'च म्हणतात, ती कोलेसिस्टेक्टमी. विचारा, 'कुठली पिशवी, काकू? टाका कुठे आहे?' आणि मगच केस पेपरवर लिहा.

९. कुठे सुधारायचं, कुठे नाही

सोनोग्राफीचा इंग्रजी उच्चार वरच्या नियमाने स-नॉ-ग्र-फी व्हायला हवा. डायलिसिसमध्ये खरं तर चार सिलॅबल आहेत, डाय-ॲ-लि-सिस्. अख्खा महाराष्ट्र 'सोनोग्राफी' आणि 'डायलिसिस' म्हणतो आणि ते आता मराठी शब्द झालेत. नातेवाइकांना, मावशींना, रिक्षावाल्यांना सुधारत बसू नका. वॉर्डात बोलताना तुम्हीही तसंच म्हणा. परीक्षा, परराज्यातल्या किंवा परदेशातल्या माणसाशी बोलणं, नोकरीचा इंटरव्ह्यू, एवढ्या जागी शिकलेला उच्चार बाहेर काढा.

आणि पेशंटसमोर तर बारा सिलॅबलचा शब्द काढूच नका. 'तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर आणि आतड्याची सुरुवात बघणार आहेत, रात्रीपासून सांगितलंय तसं उपाशी राहा' हे पुरतं.

सरावासाठी

आधी स्वतः फोडा, मग खाली बघा.

ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी. अर्थ: कान, नाक, स्वरयंत्र, शास्त्र. आपल्या 'कान-नाक-घसा'चाच क्रम. उच्चार: ओ-टो-राय-नो-लॅ-रिन्-गॉ-ल-जी, नऊ सिलॅबल. पहिला जी ग, कारण पुढे ओ आहे. शेवटचा जी ज, कारण पुढे वाय आहे. आर-एचचा र.

कोलेसिस्टेक्टमी. अर्थ: पित्त, पिशवी, काढून टाकणं. उच्चार: को-लि-सिस्-टेक्-ट-मी, सहा. पहिला सी-एच क, मधला सी स, 'टेक्'मधला सी पुन्हा क.

लॅरिंगोट्रेकिओब्राँकायटिस. उच्चार: ल-रिन्-गो-ट्रे-कि-ओ-ब्राँ-काय-टिस्, नऊ. शेपूट 'आयटिस', म्हणून जोर शेवटून दुसऱ्यावर.

इंटरनेटवर 'सगळ्यात लांब वैद्यकीय शब्द' म्हणून एक पंचेचाळीस अक्षरी शब्द फिरत असतो, न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. त्याच्यामागे लागू नका. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळाने मुद्दाम लांबी वाढवण्यासाठी तो पुढे आणला. केस पेपरवर डॉक्टर सिलिकोसिस लिहितात. सि-लि-को-सिस्, चार सिलॅबल, शेवटून दुसऱ्यावर जोर. दगडखाणीत काम केलेला पेशंट दम लागतो म्हणून आला तर हा शब्द तुम्हाला लागेल.